न दिलेला हात

"बशी जरा मोठी न्हाई का?" गुलाब मिस्त्रींनी विचारलं.

नव्हती. माझ्या ऑफिसात दोन कप, दोन बश्या आणि पाण्याची एक बाटली एवढाच संसार होता. मिस्त्रींनी बशी उलटसुलट करून पाहिली, कागदाच्या पुडीतलं सिमेंट तिच्यात ओतलं, माझ्याच बाटलीतलं पाणी घातलं आणि कीबोर्डपासून वीतभर अंतरावर बोटानं कालवायला सुरुवात केली. मी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला.

"माझ्याकडे शाईचं पॅड आहे की," मी म्हटलं. "दोन मिनिटांत होईल."

"शाईत बोट बुडवायचं ते जमीन इकताना," ते म्हणाले. "माझा हात शिमिटातच उमटतो, ताई."

समोरच्या खुर्चीत बसलेले इंगवले दादा खूश होऊन हसले. "बघा मॅडम. हे असं पाहिजे आपल्याला. हे दुसऱ्या कुणाकडं नाही."

मिस्त्रींनी उजवा पंजा त्या राखाडी काल्यात थापटला आणि मी पुढे केलेल्या काळ्या पुठ्ठ्यावर दाबून धरला. डोळे मिटून धरला. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. हात उचलला तेव्हा पुठ्ठ्यावर फावड्यासारखा रुंद पंजा उमटला होता आणि अनामिकेच्या जागी अर्धंच बोट होतं. उरलेलं अर्धं तीस वर्षांपूर्वी काँक्रीट मिक्सरच्या पट्ट्यात गेलं होतं.

"आता एक ऐका," ते हात न पुसताच म्हणाले. "मी सांगीन त्याच घराला ह्यो लावायचा."

"अहो मिस्त्री, बरं," दादा म्हणाले.

"तुमी न्हवं, दादा. लावणार ह्या. ताई, तुमी सांगा."

"तुम्ही सांगाल त्याच घराला," मी म्हटलं. तोंडाचं वचन, त्याला काय लागतं. मनात विचार चालला होता तो पुठ्ठा वाळल्यावर फोटो कुठल्या उजेडात काढावा याचा.

ही गोष्ट विट्यातली, बारा वर्षांपूर्वीची. मी पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आले होते आणि औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत लोकांच्या वेबसाइट बनवत होते. माझं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः बिल्डर आणि कंत्राटदार. आता विट्यासारख्या गावात बिल्डरला वेबसाइट कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली. कुणी कोइमतूरला, कुणी कण्णूरला, कुणी थेट आसामात. वर्षातून एकदा जत्रेला येणार, पण गावी आपलं घर मात्र पाहिजेच. ते घर ही माणसं तिकडं दुकानात बसून, फोनवर बघून घेत. डोळ्यांनी न बघितलेल्या भिंतीवर विश्वास बसावा म्हणून काहीतरी लागतं. ते काहीतरी मी बनवायची.

गोल सोनेरी शिक्के. 'वेळेवर ताबा.' 'गळतीमुक्त बांधकाम.' 'ग्राहकांची पहिली पसंती.' कडेला दातेरी नक्षी, मध्ये हिरवी बरोबरची खूण. हे शिक्के कुठल्या संस्थेने दिले, असं मला अनेकांनी विचारायला हवं होतं. एकानेही विचारलं नाही. ते दिले होते माझ्या टेबलाने, प्रत्येकी वीस मिनिटांत. एका बिल्डरचा शिक्का दुसऱ्याला लावताना मी फक्त कडेचा रंग बदलायची.

इंगवले दादांच्या 'कवडसा होम्स'ला त्यातलाच माल नको होता. दादा हुशार माणूस. त्यांना गुलाब मिस्त्रींची एक खोड माहीत होती आणि तिची किंमत कळली होती. मिस्त्री म्हणजे गुलाब मुजावर, त्या वेळी साठीच्या पुढचे. चाळीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी घरं बांधली, पण जे घर मनासारखं झालं त्याच घराच्या जिन्याखाली, ओल्या गिलाव्यावर ते आपला पंजा उमटवत. प्रत्येक घराला नाही. पाच-सहा घरांत एखाद्याला. मालक गयावया करायचे, मिस्त्री ढिम्म. गावात जुनं घर विकत घेताना लोक आधी बॅटरी घेऊन जिन्याखाली वाकायचे आणि अर्ध्या बोटाचा पंजा दिसला की मगच वर यायचे.

हा पंजा मी वेबसाइटवर नेला. त्याच्याभोवती गोल काढला, खाली लिहिलं, 'गुलाब मिस्त्रींचा हात असलेलं घर'. दादांच्या 'मोगरा' आणि 'जुई' या दोन इमारतींना मिस्त्रींनी हात दिला होता, त्या दोन पानांवर तो लावला. महिन्याभरात फोन सुरू झाले. आसामातून एकाने विचारलं, "ते अर्ध्या बोटाचे मिस्त्री अजून आहेत?" त्यांनी त्याच्या आजोबांचं घर बांधलं होतं. दुसरा एक कंत्राटदार माझ्याकडे येऊन म्हणाला, मलाही असा हात टाकून द्या, कुणाचाही चालेल.

मला फार कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं. आमच्याकडे पाणी आटणं ही काही बातमी नाही, पण ते साल जरा जास्तच वाईट होतं. दादांची तिसरी इमारत, 'अबोली', नेमकी त्याच वेळी वर चढत होती. दुसऱ्या स्लॅबला टँकर मिळेना. ओतलेल्या स्लॅबवर तीन आठवडे पाणी साठवून ठेवायचं असतं, नाहीतर सिमेंट आतून कच्चं राहतं, एवढं मलाही मिस्त्रींच्या तोंडून ऐकून पाठ झालं होतं. अबोलीच्या स्लॅबला आठ दिवस पाणी मिळालं. नवव्या दिवसापासून नाही. आणि पुढच्या कामाला पाहिजेत म्हणून खालचे टेकूही लवकर काढले.

मिस्त्री त्याच दिवशी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून साइटवरून उतरले. पुन्हा दादांच्या कामावर गेले नाहीत.

पंधरा दिवसांनी दादा माझ्याकडे आले. "अबोलीचं पान तयार झालं का?"

"झालंय. हे बघा."

त्यांनी बघितलं. "हात कुठाय?"

"मिस्त्रींनी दिला नाही ना."

"मिस्त्रींचं वय झालं, मॅडम. चिडले आणि गेले. इंजिनिअरनं सही केलीय, नगरपालिकेचे कागद आहेत. सगळं कायदेशीर आहे का नाही?" ते शांतपणे बोलत होते, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "दोन पानांवर हात आणि तिसऱ्यावर नाही, तर माणूस काय समजंल? आपल्या हातानं आपण सांगितल्यासारखं आहे की, ही इमारत घेऊ नका."

मला वाटतं, तेव्हाच मला कळलं होतं की हात दोन पानांवर लावून मी तिसऱ्याबद्दलही काहीतरी बोलून गेले होते. दादांना ते माझ्या आधी कळलं, एवढंच.

"पुठ्ठ्याचा फोटो आपल्याकडं आहे ना?" दादांनी विचारलं.

"आहे."

"मग?"

लोक म्हणतात, चूक करताना हात थरथरतो. माझा थरथरला नाही. दादांच्या ओळखीने मला सहा कंत्राटदार मिळाले होते आणि त्यांच्यावर माझं ऑफिस चाललं होतं, हे खरं. पण खरं सांगायचं तर मी भ्यालेही नव्हते. मला नुसता कंटाळा आला होता. वाद घालायचा, मग मिस्त्रींना शोधायचं, मग पुन्हा दादांना समजवायचं. त्यापेक्षा एक चित्र उचलून इकडून तिकडे ठेवणं सोपं. मिनिटभरही लागलं नाही.

आता शालनकाकूंविषयी सांगायला हवं. त्या बस स्टँडमागे खानावळ चालवत. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गुडघे दुखत असूनही माझा डबा त्या स्वतः जिना चढून आणून देत, कारण इतरांचे डबे पोचवणारा माणूस माझी भाजी सांडतो असा त्यांचा दावा होता. खरं कारण वेगळं होतं. मी एकटी जेवते हे त्यांना बघवत नसे. डबा उघडून द्यायच्या, समोर बसायच्या, आणि मी पहिला घास घेईपर्यंत हलायच्या नाहीत. तीन-चार वर्षं हे असंच चाललं होतं. माझ्या आईनंतर मला कुणी एवढं भरवलेलं नाही.

काकूंनी जन्मभर भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. नऊ घरं बदलली, त्यांना ती क्रमाने पाठ होती. तिसऱ्यात मोरी नव्हती, पाचव्याचा मालक रात्रीचे दिवे मोजायचा, सातव्यात नवरा गेला. दहावं घर स्वतःचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि अबोलीतली पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा त्यांनी बघून ठेवली होती. मला हे माहीत होतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको. मला माहीत होतं.

एका मंगळवारी दुपारी त्या डबा घेऊन आल्या. मटकीची उसळ होती. डबा उघडला, पण समोर बसल्या नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"वृषाली, तो हात दाखव बरं मला. अबोलीवरचा."

मी पान उघडलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या अंगाला फोडणीचा वास येत होता.

"हा खरा आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे चित्र काढलेलं नाही ना तू?"

"छे," मी म्हटलं. "खरा आहे काकू. ह्याच टेबलावर, माझ्यासमोर उमटवलाय. त्या बशीत सिमेंट कालवून."

"गुलाब मिस्त्रींनीच?"

"मिस्त्रींनीच. ते अर्धं बोट दिसतंय ना?"

यातला शब्दन् शब्द खरा होता.

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या अर्ध्या बोटावर आपलं बोट टेकवलं. मग माझ्याकडे बघितलं. अजून काहीतरी विचारतील असं वाटलं. मी घास घेतला.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "मला ह्याचा एक कागद काढून दे. रंगीत."

मी काढून दिला. चांगल्या जाड कागदावर दिला. पैसे घेतले नाहीत.

महिन्याभराने गुलाब मिस्त्री आले. दारात चपला काढल्या, आत आले आणि उभेच राहिले.

"ताई, अबोलीवर माझा हात हाय म्हणत्यात."

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना इंटरनेट कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. पण मी पान उघडलं. त्यांनी पडद्याशेजारी आपला उजवा पंजा धरला. एकदा पंजाकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. हात वर, खाली, जोडी लावून बघतात तसा.

"माझाच हाय," ते म्हणाले. "पर मी दिल्याला न्हाई."

"मिस्त्री, दादा म्हणाले..."

"दादा म्हनतीलच. त्यास्नी इमारत इकायची हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला बसवेना. "मी चार येळा जाऊन बसलो तिथं, फाटकाशी. येनाऱ्या मानसाला सांगायचो, बाबा, ही घेऊ नको, हिच्या पोटात पानी न्हाई. मानूस खिशातनं फोन काढतो नि मलाच दावतो. मिस्त्री, ह्यो हात तुमचाच का न्हाई? मग आता का नावं ठेवताय? आता मी काय बोलू, सांगा. माझाच हात माझ्या तोंडावर."

"मी दादांना विचारते," मी म्हटलं.

"इचारा," ते म्हणाले. चपला घालताना त्यांचा तोल जरा गेला, त्यांनी भिंतीला हात टेकला, आणि चटका बसल्यासारखा लगेच काढून घेतला.

ते गेल्यावर मी कुणालाही न विचारता अबोलीवरचा हात काढून टाकला. काढायलाही मिनिट लागलं नाही. आठवडाभर दादांच्या फोनची वाट बघत बसले, की आता ते भडकतील, काम काढून घेतील. त्यांचा फोन आला तो एका नव्या प्लॉटबद्दल. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. अबोलीतली सगळी घरं विकली गेली होती.

काकूंची वास्तुशांत झाली तेव्हा मी गेले. न जाऊन सांगते कुणाला. दाराशेजारी तसबिरीची चौकट लावली होती. गणपती असावा म्हणून मी नमस्काराला हात जोडले, आणि मग दिसलं. काचेच्या चौकटीत मी दिलेला रंगीत कागद होता. अर्ध्या बोटाचा पंजा. काचेवरून पाची बोटांना हळद लावलेली, तळव्याच्या मधोमध कुंकू.

"मिस्त्रींचा हात आहे," काकू आल्यागेलेल्याला सांगत होत्या. "जिन्याखाली काही दिसला नाही मला. म्हटलं, आपण दाराशी लावू."

मी श्रीखंड न खाताच निघाले. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी काकूंना टाळायला लागले. डबा बंद केला, स्वयंपाक शिकतेय असं कारण दिलं. त्या हसल्या होत्या. वाटेत दिसल्या की मी दुकानात शिरायची. हे दोन वर्षं चाललं. दोन वर्षं मी कुठल्याही बिल्डरला शिक्का बनवून दिला नाही. सहा कंत्राटदारांतले पाच गेले, आणि मी शाळा-पतसंस्थांच्या वेबसाइटवर कसंबसं निभावून नेलं. पण अबोलीकडे जाऊन 'काकू, माझं चुकलं' हे तीन शब्द बोलणं मला जमलं नाही. ते रोज उद्यावर जायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी गेले. दार उघडंच होतं. चौकट तिथेच होती आणि हळद ताजी होती. आत हॉलमध्ये स्टुलावर गुलाब मिस्त्री उभे होते. खूप वाळले होते. काकू खाली स्टूल धरून होत्या.

छताखालच्या बीमला एक तिरकी चीर गेली होती. केसासारखी, पण हातभर लांब. मिस्त्री तिच्यावर काचेची एक पट्टी बसवत होते. बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची. दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक गोळा लावून त्यांनी ती चिरेच्या आरपार चिकटवली.

मला बघून दोघांपैकी कुणालाही नवल वाटलं नाही.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"चीर जिती हाय का मेल्याली, ते बघायचं," मिस्त्री वरूनच म्हणाले. "हालत आसंल तर काच फुटंल. न्हाई फुटली तर ऱ्हावा निवांत." ते हळूहळू खाली उतरले आणि काकूंना म्हणाले, "रोज सकाळी बघायचं. फुटली की त्याच पावली भाईर पडायचं. भांडी आवरत बसायचं न्हाई. देव घ्यायला सुदीक थांबायचं न्हाई."

"बरं," काकू म्हणाल्या. मीठ किती घालायचं ते विचारून घ्यावं तशा आवाजात.

मिस्त्री हात धुऊन निघाले. दाराशी ते त्या चौकटीपुढे थबकले. मी त्यांच्या मागे गेले.

"मिस्त्री," मी म्हटलं, "आता तरी तुमच्या हातानं... जिन्याखाली... काकूंच्या मनाला बरं वाटेल."

हे मी का म्हटलं, देव जाणे. मला वाटतं, मला माझ्या मनाला बरं वाटून घ्यायचं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हात देत न्हाई, ताई," ते म्हणाले. "काच दिलीय."

ते जिना उतरून गेले. एकेका पायरीवर थांबत उतरल्याचा आवाज येत राहिला. अबोलीत बारा घरं, त्यांतल्या नवांना कुलूप. मालक सगळे केरळात नि आसामात. रिकाम्या इमारतीत एका माणसाच्या चपलांचा आवाज किती वेळ टिकतो, ते मी त्या दिवशी ऐकलं.

आत आले. काकूंनी पाट मांडला होता.

"काकू, मला काहीतरी सांगायचंय."

"आधी बस."

"नाही, आधी ऐका. तो हात..." मी सुरू केलं आणि एकदाचं सगळं सांगितलं. टँकर, आठ दिवस, दादा, मिनिटभराचं काम. सांगताना मी रडत होते आणि स्वतःच्या रडण्याचाही मला राग येत होता.

काकू ताट वाढत राहिल्या. भाकरी, मटकीची उसळ, कांदा. मग माझ्यासमोर बसल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मिस्त्रींनी सांगितलं? आज?"

"आज नाही. घर घ्यायच्या आधी." त्यांनी ताटातला कांदा उगाच सरळ केला. "मिस्त्री जेवायला यायचे माझ्याकडं खानावळीत. एक दिवस म्हणाले, काकू, अबोली घेऊ नका. मी म्हटलं, असं कसं, वेबसाइटवर तुमचा हात आहे. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, हात माझा असंल, पर मी दिल्याला न्हाई. मी विचारात पडले. इंगवले म्हणतात चांगली, मिस्त्री म्हणतात वाईट. मिस्त्रींचं तर कामावरनं भांडण झालेलं. आता कुणाचं खरं मानायचं?"

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"म्हणून त्या मंगळवारी तुझ्याकडं आले. म्हटलं, वृषालीला विचारते. ती म्हणाली खरा, तर घ्यायचं. ती म्हणाली खोटा, तर सोडून द्यायचं. चार वर्षं पोर माझ्या हातचं जेवतीय. ती मला कशाला फसवेल?"

त्या हे रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

"तू म्हणालीस, खरा आहे."

वरच्या काचेवर खिडकीतला उजेड पडला होता.

"आता जेव," काकू म्हणाल्या. "निवतंय."

मी जेवले. त्या पहिल्या घासापर्यंत समोर बसून राहिल्या, पूर्वीसारख्या.

नंतर जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. कुलूप लावलेल्या नऊ घरांच्या मालकांना एकेक करून फोन केले. काहींनी ऐकलं, दोघे भांडले, आणि कण्णूरचा एक म्हणाला, "पण मॅडम, वेबसाइटवर तर हात होता." सांगलीहून एक इंजिनिअर आणला. त्याने खाली लोखंडी खांब दिले, बीम ठोकून बघितली आणि सांगितलं की लगेच काही होणार नाही, पण लक्ष ठेवा. म्हणजे मिस्त्रींनी सांगितलं तेच. मिस्त्री त्याच वर्षी गेले. दफनाला मी गेले होते, लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

काकू त्या घरात अजून सहा वर्षं राहिल्या आणि त्यांच्या हृदयाने त्यांना नेलं, इमारतीने नाही. शेवटच्या वर्षी त्यांनी भाच्याला बजावून ठेवलं होतं की हे घर विकायचं नाही, दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नाही. भाच्याला मात्र पैशांची निकड होती. एक दलाल त्याला भेटलेलाही होता, बाहेरगावचं गिऱ्हाईक घेऊन, न बघता घेणारं. मला कळलं आणि मीच ते घेतलं.

तेव्हापासून मी इथे राहते. दाराशी ती चौकट आहे. कागदाचा रंग उडालाय, पण अर्धं बोट अजून ओळखू येतं. दसऱ्याला मी काचेला हळद लावते, कारण काकू लावत. आधी वाटायचं, चौकट काढून टाकावी. जमलं नाही. वेबसाइटवरनं हात काढायला मिनिटही लागलं नव्हतं.

बिछाना हॉलमध्येच घालते, बीमखाली. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी क्षणभर तशीच पडून राहते. मग वर बघते. काच शाबूत असते. मग उठून चहा ठेवते.

फुटली की त्याच पावली बाहेर पडायचं, असं मिस्त्री सांगून गेलेत. मी पडेन की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही.